एक्कावन्न होळग्या आणि एक टाका

मंठाळ,
शनिवार, ८ ऑक्टोबर २०११

प्रिय राम,

हे पत्र मी डाव्या कुशीवर पडून लिहिते आहे, म्हणून ओळी टेकाड चढल्यासारख्या वर चालल्या आहेत. अक्षराला हसू नकोस. मला दिवसातून मोजक्याच वेळा उठायची परवानगी आहे आणि त्यातली एकही वेळ पत्र लिहिण्यासाठी नाही. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू "हं... हं... बरं अक्का" असं करतोस, मग तुझ्या मागे भोसरीतलं कुठलंतरी यंत्र धडधडायला लागतं आणि तू ठेवून देतोस. तीन वर्षांत आपण दोघं फोनवर जेवढं बोललो तेवढं एका पोस्टकार्डात मावेल. पत्रही अर्धवट टाकून उठता येतं, पण ते जिथं टाकलं तिथंच पडून राहतं आणि माणसाची वाट बघतं. म्हणून पत्र.

बातमी तुला अप्पांकडून कळली असेलच. मला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. (आधी 'सातवा महिना' लिहिलं होतं, ते खोडलं. आमच्या डॉक्टरीणबाईंना महिने चालत नाहीत, आठवडेच लागतात.) बघ, अजूनही मी खोडलं की का खोडलं ते कंसात लिहिते. अप्पांचा तो नियम तुला आठवतो का? आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा आणि मी साडेसहाची. तुला झोळीत कोण जोजवणार, म्हणून अप्पांनी मला शाळेत न घालता घरीच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला शिकवलं. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात तुझ्या झोळीची दोरी. झोळी पुढे गेली की 'क'ची काठी, मागे आली की 'क'चं पोट. चौथीत एकदम शाळेत जाऊन बसले तेव्हा गुरुजींनी अप्पांना बोलावून विचारलं होतं, की हरिबा, तुमची पोरगी हुशार आहे, पण लिहिताना ही अशी डुलते कशाला? तुझ्यामुळे मी दहावीपर्यंत डुलतच लिहिलं. आता डुलायचीसुद्धा मनाई आहे.

पुढचं जे लिहिते आहे ते बहिणीनं भावाला लिहू नये, असं मला दोन दिवस वाटत होतं. मग विचार केला, की तुझे लंगोट मी धुतले आहेत, त्यामुळे तुझ्यापुढे लाजायचा हक्क मी तेव्हाच गमावला. तर ऐक. मागचं बाळ साडेपाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या वेळी आम्ही गुलबर्ग्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. बाई धारवाडकडच्या. कन्नड त्यांची सुसाट, हिंदी अडखळत, मराठी शून्य. त्या म्हणाल्या, की गर्भपिशवीला एक तोंड असतं. धान्याच्या पिशवीचं तोंड आपण पिळून बांधतो, तसं ते पिळलेलं असतं. पिळलेला भाग जेवढा लांब तेवढी पिशवी घट्ट. तो आखूड व्हायला लागला, की समजायचं, पिशवी वेळेआधी सुटायच्या बेतात आहे. पोटात कळ येत नाही, काही नाही, बाईला पत्ताच लागत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी यंत्रानं तो भाग मोजायचा. पंचवीस मिलिमीटरच्या वर असला तर ठीक. कुठून आणि कसं मोजतात ते मात्र मी खरंच लिहिणार नाही. एवढंच सांगते, की पहिल्या वेळी मी डोळे गच्च मिटून बाराचा पाढा म्हणत होते आणि तो बारा नव्वे एक हजार ऐंशीपर्यंत गेला.

पहिल्यांदा चौतीस आलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुला माहीतच आहेत. सत्यभामाबाईंनी जी गोष्ट ऐकली ती सूर्य मावळायच्या आत औरादपर्यंत पोचते. त्यांनी जीपमधूनच बहिणीला फोन लावला. "आज मोजलं गं, चौतीस मिलिमीटर!" आता दिवस जुलैचे, आणि आपल्याकडे मिलिमीटर कशाला लावतात ते तू जाणतोसच. पलीकडून औरादच्या मावशी कळवळून म्हणाल्या, "चौतीस! नशीबवान हाव बाई. आमच्याकडं आभाळ नुसतं हुलकावण्या द्यायलंय. मूग करपायला लागलाय." आत्याबाई म्हणाल्या, की डॉक्टरनं सांगितलंय, पंचवीसच्या खाली जायला नको. मावशी म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय त्यातलं? आन् पुन्हा कधी मोजणार?" आत्याबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी. "पंधरा दिवसांनी कामून? रोज सकाळी मोजत्यात की तहसीलवर!" हे असं पाच मिनिटं चाललं होतं. विरुपाक्ष, आमचा जीपवाला, हसून हसून स्टिअरिंगवर डोकं ठेवायला लागला, तेव्हा आत्याबाईंना वाटलं त्याला झोप येतेय, आणि त्यांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. त्या दिवसापासून मंठाळात मला कुणी 'तब्येत कशी आहे' विचारत नाही. 'आज किती पडला' असं विचारतात.

तुझे दाजी बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात फिटर आहेत, दर रविवारी तिथून येतात. त्यांना गर्भपिशवी वगैरे काही समजलं नाही, पण मिलिमीटर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पुढच्या रविवारी ते आपला मापाचा व्हर्नियर घेऊनच आले. शेवग्याची शेंग घेतली आणि तिचे दोन तुकडे अगदी अचूक कापले, एक चौतीस मिलिमीटरचा, एक पंचवीसचा. पितळी ताटलीत ठेवून मला म्हणाले, "हे बघ, हा आपला, आणि ही हद्द. मधे नऊचं अंतर आहे, भ्यायचं कारण न्हाई." मला इतकं बरं वाटलं, की मी ती ताटली उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी दोन्ही तुकडे आमटीत टाकले. दाजींना मी हे अजून सांगितलेलं नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मंठाळ ते गुलबर्गा हा रस्ता तुला पाठ आहे. विरुपाक्षच्या जीपमध्ये दोन गाद्या, त्यावर वाकळ, वाकळीवर मी, आणि पुढच्या सीटवर उलट्या तोंडानं बसलेल्या आत्याबाई. खड्डा आला की त्या माझ्या पोटाकडे बघून "हळू रे!" ओरडत. विरुपाक्ष म्हणायचा, "अक्का, ह्याच्याहून हळू गेलो तर गाडी मागं जाईल." एकदा एका म्हशीनं आम्हाला मागं टाकलं, आणि मागं वळून बघितलंसुद्धा. पण मोठा खड्डा आला, की आत्याबाई एक वाक्य अर्धवट टाकायच्या. "मागच्या खेपेला त्या फटफटीवर..." एवढं म्हणून माझ्याकडे बघायच्या. मी खिडकीबाहेर तुरीकडे बघायची. राम, तुरीत बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या वेळी एकोणतीस आलं. दाजींनी नवी शेंग आणली. तिसऱ्या वेळी, सतरा ऑगस्टला, एकवीस.

तो आकडा मी यंत्राच्या काचेवर स्वतः वाचला. डॉक्टरीणबाई एकदम उठल्या. बाहेर दुसरी बाई अडली होती, त्यांना धावायचं होतं. मी पडद्याआड लुगडं नीट करत होते, आणि घाईत बाईंची हिंदी संपली. त्या आत्याबाईंना कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगून गेल्या. आत्याबाईंचं म्हणणं, त्यांना कन्नड मराठीइतकंच येतं. बसवकल्याणच्या बाजारात ते खरंही आहे, तिथं भेंडी आणि बांगड्यांपुरतं कुणालाही येतं. मी बाहेर आले तर आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी आठला उपाशीपोटी बोलावलंय. होळगी घालायची म्हणायलीय. किती शिकलेली बाई, पर रीत इसरली न्हाई बघ!"

तू पुण्यात राहून विसरला असशील, म्हणून सांगते. होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. कन्नड लोक तिला होळिगे म्हणतात. आणि डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं 'होलिगे'. होलिगे म्हणजे शिवण. टाका. पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा होता. एका 'ळ'चा फरक, पण आमच्या घरात त्या दिवशी तो कुणाला ऐकू आला नाही. आणि आत्याबाईंना तरी हसावं कसं? तूच हिशेब लाव. शुक्रवार, तोही श्रावणातला, म्हणजे जिवतीचा. मुलाबाळांना राखणारी ती देवता, आणि तिच्या नैवेद्याला पुरणच लागतं. वर बाई म्हणते उपाशीपोटी या. उपास झाला, शुक्रवार झाला, होळगी झाली, आणि पोटुशी सून समोर. यात शंका घ्यायला जागा कुठे होती? मी शंका घेणारी बाई आहे. दुधावर साय आली तरी मी ती दुधातलीच आहे ना, हे बघते. पण एकवीस आकडा बघितल्यापासून माझं डोकं चालत नव्हतं. मला वाटलं, औषध संपलं असेल, म्हणून बाईंनी देवावर सोपवलं. हे मी कुणाला बोलले नाही. गुरुवारभर मी भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि शेजारच्या खोलीत पाच बायका पुरण वाटत होत्या.

एक्कावन्न केल्या. कळशीभर कटाची आमटी, तूप, हळदकुंकू, खण, नारळ, आणि डॉक्टरीणबाईंसाठी केळीचं पान वेगळं. विरुपाक्षच्या जीपमध्ये गादी एकच राहिली, कारण दुसऱ्या गादीच्या जागी आमटी बसली होती. त्या दिवशी आत्याबाई माझ्यापेक्षा कळशीकडे जास्त बघत होत्या, आणि "हळू रे!" आमटीसाठी होतं.

दवाखान्यात भागम्मा नावाच्या जाड चष्म्याच्या नर्सबाई होत्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, होलिगेसाठी आलात ना? आत्याबाई म्हणाल्या, होय. पेशंट उपाशी आहे ना? "पाण्याचा थेंब घेतला न्हाई. होळगी झाल्याबिगर घेणार बी न्हाई." भागम्मा म्हणाल्या, अगदी बरोबर. घरचं जबाबदार माणूस कोण? "मी की. सगळी तयारी मीच केलीय." राम, दोघींचं इतकं जुळत होतं, की मला धीर आला. मग भागम्मांनी चष्मा वर करून विचारलं, तयारी म्हणजे? आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या, "ऐवत्तोंदु!" म्हणजे एक्कावन्न. भागम्मांच्या हातातला कागद थांबला. त्या म्हणाल्या, अहो अज्जी, एक्कावन्न होलिगे कशाला? "ओंदे साकु." एकच पुरे. आत्याबाईंचा अपमान झाला. त्या म्हणाल्या, "एक? येवढ्या मोठ्या दवाखान्यात एका होळगीनं कुणाचं भागतंय? आम्ही काय भिकारी हाव?" भागम्मा म्हणाल्या, अहो, एकच घालतात, मॅडम स्वतः घालणार आहेत. तेव्हा आत्याबाई घाबऱ्या झाल्या. "न्हाई न्हाई, मॅडमनं कामून घालायचं? मॅडमनं पानावर बसायचं. घालणार आम्ही!" आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

त्या वासानं ओळीतल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई हिरवा झगा घालून बाहेर आल्या, डब्यात बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून हसायला लागल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अम्मा, वो होळिगे नहीं! होलिगे! सिलाई! सुई-धागा!" आणि हातानं हवेत टाका घालून दाखवला.

आत्याबाईंच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच धरून त्या बाकावर बसल्या. "सुई? हिला?" एवढंच म्हणाल्या. राम, या बाईंनी मला तीन महिने एकदाही घाबरलेलं तोंड दाखवलं नव्हतं. नवस बोलल्या, म्हशींना शिव्या दिल्या, विरुपाक्षला गुद्दे घातले, पण घाबरल्या नव्हत्या. आता घाबरल्या. मग त्या उठल्या, वाटी भागम्मांच्या हातात दिली, आणि त्यांच्या बाजारच्या कन्नडात, मधेमधे मराठी घालत, डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मागच्या खेपेला हिला मी रिकाम्या ओटीनं घरी नेलंय. काय घालायचं ते घाला बाई, पर आता रिकामी न्यायला लावू नका." बाईंचं हसू थांबलं. त्यांनी आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आत घेतलं. मला कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे टाका कळला नाही. वरचा दिवा तेवढा दिसत होता. पाढा म्हणायचं विसरले.

बाहेर काय झालं ते मला नंतर विरुपाक्षनं सांगितलं. होळग्या सगळ्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी उभ्यानं दोन खाल्ल्या, भागम्मांनी 'एकच पुरे' म्हणत चार. ओळीतल्या एका बाईच्या नवऱ्यानं विचारलं म्हणे, की इथं दर शुक्रवारी देतात का?

सप्टेंबरात पुन्हा मोजायला गेलो. चोवीस. सगळे खुश. त्या दिवशी बाईंना घाई नव्हती, आणि मी तीन वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. आत्याबाई स्टुलावर बसल्या असताना विचारला, मुद्दाम. मागचं बाळ कशानं गेलं? बाईंनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली. कळा आल्या होत्या? नाही. रक्त? अगदी शेवटी. त्याआधी काही वाटत होतं का? आणि मी म्हणाले, आठवडाभर कंबर जड होती, ओटीपोट खाली ओढल्यासारखं व्हायचं. बाई म्हणाल्या, म्हणजे तोंड आठवडाभर आधीच उघडायला लागलं होतं. तेव्हा कुणी मोजलं नाही, एवढंच. मी विचारलं, आणि दोन दिवस आधी मोटारसायकलवर बसले होते, त्याचं? त्या म्हणाल्या, "मोटारसायकल, बस, हवाईजहाज, कुछ भी. पलंग पे सोती रहती तो भी जाता." मी म्हणाले, हे मला कागदावर लिहून द्या. बाई म्हणाल्या, गाडीचं सर्टिफिकेट आरटीओ देतं, मी नाही! पण मी हटले नाही. तू मला ओळखतोस. शेवटी त्यांनी त्यांच्या नावाच्या कागदावर दोन ओळी लिहून शिक्का मारला. तो कागद या पत्रात घातला आहे. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे, मूळ कागद तुझा.

परवा दसऱ्याला अप्पा बन्नीचं सोनं द्यायला आले होते. थकले आहेत. आपल्या कडगंचीला विद्यापीठाचं बांधकाम चालू आहे, ते रोज संध्याकाळी भिंती किती वर आल्या ते बघायला जातात, जणू ठेका त्यांचाच आहे. दाजी घरी होते, आत्याबाई होत्या. बन्नी वाटून झाली आणि मी पडल्यापडल्या सगळ्यांना बाईंचा कागद वाचून दाखवला. तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मग मी उरलेलं सांगितलं, जे त्या कागदावर नाही आणि तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. त्या दिवशी कडगंचीच्या फाट्यावर तू मला बसमध्ये बसवत होतास. बसच्या वासानं मला मळमळतं, म्हणून मीच हट्ट धरला, की गाडीवरच ने. तू दोनदा नको म्हणालास. मी म्हणाले, मोठी कोण, तू का मी? मग तू तीन तास गाडी इतकी जपून चालवलीस, की तुझी मान आखडली. आणि दोन दिवसांनी घर भरून माणसं बसली असताना अप्पा तुला सगळ्यांसमोर जे बोलले, आत्याबाई जे बोलल्या, ते तू खाली मान घालून ऐकलंस. एकदा माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या आठवड्यात तू गाडी विकलीस आणि भोसरीला निघून गेलास. मी स्वतःला म्हणत राहिले, की मी खोटं कुठं बोलले, मी तर काहीच बोलले नाही. तुझ्या गाडीनं झालं असेल तर माझ्या अंगानं झालं नाही, एवढ्यासाठी मी गप्प होते. हे सगळं अप्पांनी ऐकलं. मग म्हणाले, "मग तीन वर्सं कामून गप बसलीस गं?" आत्याबाई चूल बघायला उठल्या, चुलीवर काही नव्हतं. जाताना म्हणाल्या, "मी बी लई बोलले व्हते त्या लेकराला."

आता आजच का लिहिते आहे ते सांगते. मागच्या सोमवारी पुन्हा मोजलं, आणि एकोणीस आलं. टाका आहे, तरी एकोणीस. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं दिली आहेत. परवा, सोमवारी, पुन्हा मोजतील. आणखी खाली गेलं असेल तर तिथंच ठेवून घेतील, आणि मग प्रत्येक दिवस वेगळा मोजायचा. काय होईल ते बाईंनाही माहीत नाही. मी खूप विचार केला. बाळ सुखरूप आलं, तर लोक म्हणतील, आनंदाच्या भरात हिनं भावाला माफ केलं. आणि माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. बाळ नाही राहिलं, तर मी पुन्हा कुणाकडे बोट दाखवीन का, याचा मला भरवसा नाही. मी भित्री आहे. म्हणून सोमवारचा आकडा कळायच्या आत हे तुझ्या नावानं पोस्टात पडायला हवं. दाजी आज दुपारी बसवकल्याणला जाताहेत, तेच टाकतील. तुझा काही दोष नव्हता, ही गोष्ट माझं बाळ जगतं का यावर टांगलेली ठेवायची नाही, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. ये असं म्हणायचा हक्क मला नाही. (आधी 'लगेच ये' लिहिलं होतं, ते या कारणानं खोडलं.) पण कधी आलास, तर मान वर करून ये.

तुझीच,
अक्का
(विजयश्री)